अंटीनावाले श्रावणभाऊ

श्रावणभाऊंच्या शब्दावर आम्ही बाया जंगलात जात होतो. वाघीण आज कुठे आहे हे ते संध्याकाळी सांगत आणि उद्या सरपणाला कुठल्या बाजूने जायचं ते आम्ही त्यावर ठरवत असू. शब्द खरा निघाला तर भारा घेऊन घरी यायचं, खोटा निघाला तर यायचं नाही. मधलं काही नव्हतं. असा माणूस खोटं बोलला, आणि एकदा नाही, रोज बोलला. ते कळलं तेव्हा मी त्यांच्या समोर उभी होते.   मी चौथीपर्यंत शिकले आहे. मोठं काही लिहिता येत नाही. पाहिलं तेवढं लिहिते.

त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये काट्यांचा एक कूड, कुंपणच. गाव त्यांना अंटीनावाले म्हणायचं आणि हे नाव वाघिणीच्या फार आधीचं. गावात टीव्ही आले तेव्हा छपरावर अंटीना बसवून देणारे तेच होते. कवेलूंवरून, म्हणजे कौलांवरून, मांजरासारखे चालत, एक कवेलू फुटायचा नाही. वरून अंटीना थोडा फिरवत आणि खाली विचारत, "आता?" खालून पोरं ओरडत, आलं, गेलं, नुसत्या मुंग्या दिसतात. ते पुन्हा थोडा फिरवत. "आता?" त्यांना राग येत नसे आणि घाईही नसे. चित्र स्वच्छ दिसल्याशिवाय ते खाली उतरत नसत, मग उन्हाने कवेलू तापले तरी.

ती खोड पुढे जन्मभर राहिली. खाटेच्या पायाखाली लाकडाची चीप लावली की खाटेवरच्याला विचारत, "आता?" बायकोने भाजीत मीठ वाढवलं की तोंडात घालून तिने विचारायच्या आधीच मान हलवत आणि म्हणत, "आता." त्यांची बायको गिरिजा तोंडाची फटकळ. श्रावणभाऊंचा डावा कान अधू होता, म्हणून ऐकताना ते मान वाकडी करून उजवा कान पुढे आणत. वाघिणीचं काम लागल्यावर गिरिजा एकदा कुडावरून मला म्हणाली, "पाय ना वयनी, माहा आवाज याईले आईकू येत नाई, आन् कोसावरच्या वाघिनीचा येते." श्रावणभाऊ अंगणात दोर वळत होते. मान वर न करता म्हणाले, "तिचा एका बाजूनं येते. तुहा चारी बाजूनं येते, दिशाच सापडत नाई." गिरिजाने हातातलं सूप कुडावर आपटलं. हसतही होती.

घरोघरी टीव्हीच्या छत्र्या आल्या आणि त्यांचं छपरावर चढणं संपलं. छत्री एकदा बसवली की फिरवायची नसते. ते धानाकडे वळले. मग काही वर्षांनी वनखात्याने आमच्या जंगलातल्या एका वाघिणीच्या गळ्यात पट्टा घातला. त्या पट्ट्यातून एक आवाज निघतो, पण तो नुसत्या कानाला ऐकू येत नाही. त्यासाठी खांद्याला अडकवायची एक पेटी लागते आणि हातात धरायचा अंटीना. एक मॅडम बाहेरून आली होती. लहान वयाची, पण कामाला पक्की. तिला पायवाटा माहीत असलेला माणूस पाहिजे होता. गावाने श्रावणभाऊंचं नाव सांगितलं. तो अंटीना पाहून ते हसले म्हणे. मधे एक दांडी आणि तिला आडव्या काड्या, अगदी माशाच्या काट्यासारखा. छपरावरचाच होता, फक्त आता हातात होता आणि फिरवायचा होता.

मॅडमने त्यांना सगळं शिकवलं. अंटीना हातात उंच धरून स्वतःभोवती सावकाश फिरायचं. पेटीतून टक, टक असा आवाज येतो. ज्या बाजूला तो मोठा, त्या बाजूला वाघीण. पण तेवढ्याने ती किती लांब आहे ते कळत नाही. म्हणून मग चालत दुसऱ्या जागी जायचं आणि पुन्हा फिरायचं. दोन्ही जागांहून निघालेल्या रेघा जिथे एकमेकींवरून जातात, तिथे वाघीण. हे त्यांनी मला माझ्या अंगणात दोन दोऱ्या अंथरून दाखवलं होतं. ओढल्यावर कुठे गाठ पडते बघा, म्हणाले. मला पहिल्यांदाच समजलं. शाळेत इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं.

मॅडमचं काम संपलं, ती गेली. जाताना पेटी आणि अंटीना त्यांच्याकडे ठेवून गेली. वाघीण कुठे आहे ते त्यांनी रोज वनरक्षकाला फोनवर कळवायचं, असं ठरलं. गावाला सांगायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. ते त्यांनी आपल्या मनाने सुरू केलं. दिवा लावायच्या वेळेला ते पिंपळाच्या ओट्यावर उभे राहत आणि सांगत. भाषण नसे. "वाघीन आज हत्तीटेकडीच्या मागं आहे. बोडीकडून जाजा." बोडी म्हणजे आमच्या गावाबाहेरचं लहान तळं. एवढं सांगून उतरत.

सुरुवातीच्याच दिवसांत त्यांच्याकडून एक चूक झाली. वाघीण टेकडीवर आहे म्हणून त्यांनी सांगितलं, आणि ती निघाली खाली धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, गावाला लागून. टेकडी आवाज परतवते, भिंतीवर चेंडू परततो तसा. आवाज टेकडीवरून आला म्हणून त्यांनी तीच दिशा धरली. कुणाला काही झालं नाही, एक वासरू गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ओट्यावर चढले आणि आधी म्हणाले, "काल मी चुकलो. एका जाग्यावरून सांगतलं. आता तीन जागा घेतल्याशिवाय सांगनार नाई." वासरू ज्याचं गेलं त्याने चार शिव्या दिल्या. त्यांनी त्या उभ्याने ऐकून घेतल्या आणि मग त्या दिवसाची जागा सांगितली. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो त्या संध्याकाळी. आपण होऊन चुकलो म्हणणारा बाप्या मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या घरात तर नाहीच.

तेव्हापासून ते तीन जागा घेत. बोडीची पार, म्हणजे तिचा बांध, शाळेमागचा चढ आणि त्यांच्या स्वतःच्या शेताचा धुरा, म्हणजे शेताची कड. त्यांच्या पुतणीच्या लग्नात जेवणाची पंगत बसली होती. पत्रावळीवर वरण पडलं आणि श्रावणभाऊ उठले. वेळ झाली म्हणाले. नवऱ्याकडची माणसं पाहत राहिली, कुणाला वाटलं रुसले. गिरिजाने सगळ्यांना सांगितलं की त्यांची दुसरी बायको जंगलात आहे, तिची विचारपूस करायला गेले.

देवकाबद्दल इथेच सांगते. देवका माझी सरपणाची सोबतीण, पलीकडच्या आळीतली. माझ्याहून लहान, नवरा नाही, दोन म्हशी. जंगलात जायचं तर ती पुढे. श्रावणभाऊंना उलट प्रश्न विचारणारी गावात ती एकटीच. पेटीचा आवाज ऐकायला श्रावणभाऊ कानाला टोपणं लावत, ती एकदा पारीवर तिने मागून घेतली आणि लावली. मग त्यांनी टोपणं काढून पेटीचा आवाज मोकळा केला, आम्हा सगळ्या बायांना ऐकायला. टक. टक. टक. सावकाश. श्रावणभाऊ म्हणाले, असा सावकाश आवाज म्हणजे ती जिती आहे, हालचाल करते आहे. बराच वेळ ती अजिबात हलली नाही तर पट्टा आपोआप घाईने वाजायला लागतो, टकटक टकटक. तसा वाजला की समजायचं, मेली.

देवका म्हणाली, "उलटंच आहे हे. मेल्यावर कायची घाई?"

"मेल्यावर ती बलावते," श्रावणभाऊ म्हणाले. "या म्हनते. लवकर या म्हनते."

आम्ही हसलो. देवका तर बसून हसली.

त्या वर्षी दसऱ्यानंतर धान पिकून उभं होतं आणि रानडुकरं फार झाली होती. एक कळप एका रात्रीत बांधी लोळवून टाकायचा. आमच्याकडे काही लोक अशा वेळी धुऱ्यावरून उघडी तार फिरवतात आणि पाण्याच्या मोटारीच्या लाइनीतून तिच्यात करंट सोडतात. डुक्कर लागलं की मरतं. सगळ्यांना माहीत आहे, सगळे करतात आणि कुणी केलं नाही असंच सगळे सांगतात. श्रावणभाऊ त्याच्या विरोधात होते. ओट्यावरून दोनदा बोलले, तार लावू नका, माणूस मरेल. त्यांचा मुलगा नितेश तेव्हा खाली उभा राहून मोबाइल पाहत होता. ते मला आता आठवतं. तेव्हा लक्ष नव्हतं.

दिवाळी झाली, कापणी झाली. श्रावणभाऊ रोज अंटीना घेऊन फिरत, रोज ओट्यावर सांगत. काही बदललं होतं, पण ते आम्ही थंडीवर टाकलं. पेटीचा आवाज ते मोकळा करत नसत, टोपणं कानातून काढत नसत. देवकाने मागितली तर म्हणाले, बिघडली आहेत, एकच चालतं. धुऱ्यावर जात नसत. गिरिजा चार चौघींत बोलायची कमी झाली होती. मी कुडावरून विचारलं तर म्हणाली, दात दुखते.

एक दिवस बोडीच्या काठाला चिखलात पंजे उमटलेले दिसले. देवका ते पाहत उकिडवी बसली. संध्याकाळ नव्हती, दुपारच होती. श्रावणभाऊ पारीवरून येत होते. तिने त्यांना हाक मारून बोलावलं.

"भाऊ, हा तिचा पंजा नोहे. ही बोटं पाहा. केवढा रुंद आहे. हा बोक्या आहे, नर वाघ, दुसराच."

श्रावणभाऊ वाकले. खूप वेळ वाकून राहिले. मी मागे उभी होते, मला त्यांची पाठ दिसत होती.

"चिखलात पसरते," ते म्हणाले.

"पसरते म्हनून दुप्पट होते का?"

"पसरते म्हनलं ना."

मान वर न करता म्हणाले. देवका माझ्याकडे पाहून तोंड वाकडं करून हसली. म्हाताऱ्याचे डोळे गेले, असं वाटेत म्हणाली. तिला वाटलं डोळे गेले. मलाही तेच वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, संक्रांतीच्या आधी, ते ओट्यावरून म्हणाले की वाघीण टेकडीपलीकडे आहे, बोडीकडून जायला हरकत नाही. सकाळी ऊन चढल्यावर आम्ही पाच बाया बोडीकडून गेलो. देवका भारा बांधायला वाकली होती, तोंडात दोर धरलेला. वाघ बाजूच्या झुडपातून आला. ओरडला नाही. मी ऐकलं ते फक्त वाळक्या काटक्या मोडल्याचं. आम्ही ओरडलो, कुऱ्हाडी दगडावर आपटल्या, आणि त्याने तिला टाकलं आणि तो गेला. मोठा होता, मानेला केस होते, गळा मोकळा होता. पट्टा नव्हता. हे मी त्याच वेळी पाहिलं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. देवकाच्या तोंडातला दोर अजून तिच्या दातांत होता. मी तो काढला. ती गेलेली होती.

गाव पेटलं. पट्ट्याची वाघीण नरभक्षक झाली, तिला गोळी घाला, म्हणून माणसांनी वनखात्याची जीप अडवली. साहेब खाली उतरला. बिचारा पोरगाच होता, घसा बसलेला. ओट्यासमोर सगळे जमले. मी पट्टा दिसला नाही म्हणून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. एक जण म्हणाला, म्हातारीला घाबरलेपणी काय दिसणार. साहेबाने श्रावणभाऊंना बोलावलं आणि विचारलं, वाघीण आता कुठे आहे ते दाखवा, आम्ही तिला पकडतो.

श्रावणभाऊ पेटी घेऊन आले. खांद्याला पेटीचा बंद, हातात अंटीना, सगळं रोजच्यासारखं. मला वाटलं ते टेकडी दाखवतील. तसं दाखवलं असतं तर साहेबाने टेकडीवर माणसं पाठवली असती, रात्रंदिवस तिथे बसवली असती, आणि तो दुसरा वाघ इकडे बोडीकडे मोकळा राहिला असता. हे मला तेव्हा कळत नव्हतं, त्यांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी कुणाला न कुणाला बोडीकडे जायचंच होतं, घराघरात सरपण नव्हतं.

त्यांनी कानाची टोपणं उपसून काढली आणि आवाज मोकळा केला.

टकटक टकटक टकटक.

पोरांना कळलं नाही, साहेबालाही लगेच कळलं नसावं. आम्हा बायांना कळलं. त्या दिवशी पारीवर असलेल्या आम्ही सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागलो. एकीने तोंडावर पदर घेतला. श्रावणभाऊ अंटीना धरून सावकाश फिरले. टेकडीकडे आवाज बारीक झाला. बोडीकडे बारीक झाला. शाळेकडे बारीक झाला. आणि त्यांच्या स्वतःच्या घराकडे अंटीना आला तेव्हा आवाज इतका मोठा झाला की समोरचं पोर मागे सरकलं.

ते चालायला लागले. आम्ही मागे. त्यांच्या अंगणात तणशीचा ढीग होता, नव्या धानाचा वाळका पेंढा, माझ्या कुडाला लागून. नितेश दारात होता. तो पुढे आला आणि हळू म्हणाला, "बाबा, नका." श्रावणभाऊंनी अंटीना त्याच्याच हातात दिला, धर म्हणून, आणि दोन्ही हात तणशीत घातले. पट्टा बाहेर काढला. कापलेला होता. माझ्या कुडापासून हातभर लांब होता तो. मी रोज तिथे उभी राहून भांडी घासत होते.

"काल मी चुकलो, असं म्हनलं होतं मी एकदा," ते म्हणाले. आवाज रोजचाच होता, ओट्यावरचा. "मी चुकलो नाई. मी खोटं बोललो."

मग त्यांनी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. धान उभं असतानाच एका सकाळी पेटीतून घाईचा आवाज आला. पारीवरून पाहिलं तर दिशा त्यांच्याच शेताची. वाटलं, टेकडी फसवते आहे. शाळेमागे गेले. तिथूनही शेतच. तिसरी जागा शेताचाच धुरा होती, तिथे पोचले तर अंटीना लावायची गरज पडली नाही. तार अजून तशीच होती. नितेश वाघिणीजवळ बसून रडत होता. "खड्डा मी बी खनला," ते म्हणाले. त्यानंतर वनरक्षकाला आणि गावाला रोज एक जागा सांगावी लागली, कारण वाघीण एकाच जागी राहिली असं सांगितलं असतं तर माणसं पाहायला गेली असती. दुसरा वाघ येईल हे त्यांना माहीत होतं का, साहेबाने विचारलं. वाघीण गेली की तिची जागा रिकामी राहत नाही, हे मॅडमने शिकवलं होतं, ते म्हणाले. आणि पंजा पाहिला होता.

 देवकाचा भाऊ तिथे होता. मला वाटलं तो मारेल. त्याने मारलं नाही, तो अंगणात खालीच बसला.

पट्टा बंद करायला एक लोहचुंबक असतं. ते श्रावणभाऊंच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी असे, त्याला घराच्या किल्ल्या चिकटलेल्या असत. साहेबाने ते पाहिलं आणि विचारलं, मग इतके दिवस बंद का नाही केला? श्रावणभाऊंनी किल्ल्या काढून गिरिजाला दिल्या.

"हात गेला नाई जी," म्हणाले.

जीप बापलेकांना घेऊन गेली. नंतर त्या मोठ्या वाघाला पिंजरा लावला. तो सापडला नाही. नवीन कुणी अंटीना घेऊन आलं नाही, कारण फिरवून ऐकायला आता पट्टाच नाही. आम्ही बाया डबे वाजवत जातो आणि लवकर परत येतो.

श्रावणभाऊ काही महिन्यांनी सुटून आले, नितेश आला नव्हता. गावात कुणी त्यांच्याशी बोलत नसे. मीही नाही.  देवकाच्या दातांतला दोर माझ्या हातांनी काढला होता, आणि कुडापलीकडे हा माणूस पाणी शेंदताना मला दिसायचा, तोच, मान वाकडी केलेला. राग यायचा आणि राग पुरायचा नाही. अजूनही पुरत नाही.

मुलीने त्यांना तिच्या गावी न्यायचं ठरवलं. जायच्या आदल्या संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळेला, ते पिंपळाच्या ओट्याकडे गेले. मी माझ्या दारातून पाहिलं. हातात काही नव्हतं. ओटा चढायला त्यांना वेळ लागला. समोर एक कुत्रं सोडलं तर कुणी नव्हतं. पण घराघरांची दारं उघडी होती, आणि त्या दारांमागे बाया उभ्या होत्या, हे मला माहीत आहे, कारण मी उभी होते.

त्यांनी मान वाकडी केली, थोडं थांबले.

"वाघ आज कुठं आहे, मले मालूम नाई," ते म्हणाले. "जाऊ नका."

मग उतरले आणि घरी गेले. मी दाराला आतून कडी लावली. दुसऱ्या दिवशी सरपणाला एकही बाई गेली नाही.